चुकलेला ग्राफ जर्नलात राहू द्या

दूरसंचार शाखेचा अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी आणि कोल्हापूर परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विभागप्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

मी प्राध्यापक नाही. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कम्युनिकेशन लॅबमध्ये २४ वर्षं असिस्टंट आहे. पॅचकॉर्ड सांभाळणं, किटचे फ्यूज बदलणं, डेड स्टॉक रजिस्टर लिहिणं आणि एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येणार त्या दिवशी सीआरओवर (सिग्नलची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर) निदान एक तरी लाट स्थिर उभी राहील एवढं बघणं, हे माझं काम. मुलं मला सर म्हणतात, सर मंडळी मला नावाने हाक मारतात. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर पडतं आणि माझं कुणी ऐकत नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

गेल्या सत्रात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सलग तीन दिवस चारनंतर लॅबात बसून होती. प्रयोग साधाच, बीपीएसकेचा, म्हणजे शून्य-एक सिग्नलवर चढवून पाठवायच्या सगळ्यात सोप्या पद्धतीचा. संगणकात शून्य-एकची रांग तयार करायची, शून्याला उणे एक आणि एकाला अधिक एक मानायचं, त्यात नॉइज, म्हणजे वाटेतला गोंगाट, मिसळायचा. पलीकडे आलेला आकडा शून्याच्या वर आहे की खाली एवढंच बघून बिट ओळखायचं आणि किती बिट चुकले ते मोजायचं. नॉइज कमी-कमी करत गेलं की बिट एरर रेटचा (बीईआर, म्हणजे चुकलेल्या बिटांच्या प्रमाणाचा) तो धबधब्यासारखा कोसळणारा ग्राफ मिळतो. पुस्तकाप्रमाणे लाखात एक चूक या पातळीला पोचायला सिग्नल-नॉइजच्या गुणोत्तराचे ९.६ डीबी (डेसिबल) लागतात. हिला १२.६ लागत होते. ग्राफचा आकार तंतोतंत तोच, पण अख्खा ग्राफ उजवीकडे सरकलेला.

मैत्रिणी म्हणाल्या, माझी फाईल घे, प्रिंट मार आणि मोकळी हो. तासाच्या सरांनीही तेच सांगितलं, जरा सभ्य शब्दांत. ती हटली नाही. तिसऱ्या दिवशी साडेपाचला मी दिवे बंद करायला उठलो आणि ती ओरडली, "सर, अर्धा विसरले होते की मी!" सूत्रात नॉइजची पॉवर एन-नॉटच्या (नॉइजच्या घनतेच्या) निम्मी घ्यायची असते. तिने पूर्ण घेतली होती. नॉइज दुप्पट झाला म्हणून ग्राफ तीन डीबी सरकला. दुप्पट म्हणजे तीन डीबी, हे वाक्य तिने परीक्षेत चारदा तरी लिहिलं असेल. पण तीन डीबी केवढे असतात, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

पुढे काय झालं? तिने जर्नलाला बरोबर आलेला ग्राफ लावला. चुकलेला ग्राफ, त्याच्यामागे काढलेल्या चार शंका, खोडलेल्या तीन, सगळं कचऱ्याच्या डब्यात. टर्मवर्कला तिला २५ पैकी २२ मिळाले. शेजारच्या बाकावरच्या मुलाने तिचाच प्रोग्राम पेनड्राइव्हवरून घेतला होता, त्याला २३. त्याचं मार्जिन सरळ होतं.

मंडळी, मला एवढंच मागायचंय. तो चुकलेला ग्राफ जर्नलात राहू द्या आणि त्याला मार्क द्या.

आता तुम्ही म्हणाल, सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, तर आम्ही आणलंच आहे अभ्यासक्रमात. आणलंय, खरं आहे. आधी किट होतं. बंद पेटी, वर छापलेला ब्लॉक डायग्राम, टेस्ट पॉइंट एक ते बारा, पॅचकॉर्ड इथून तिथे. किटांची बाजू घेणारा माझ्याइतका दुसरा कुणी नसेल, मी त्यांना सोल्डर मारून मारून जगवलंय. पण किटवर मुलाला चुकायला जागाच नसते. पॅचकॉर्ड ढिली असली तर लाट येत नाही, घट्ट केली की येते. त्यातून पोरगं जे शिकतं ते पॅचकॉर्डबद्दल शिकतं.

मग किटं गेली नि पडदा आला, पण जर्नल तेच राहिलं. मॅन्युअलमध्ये पंधरा ओळींचा प्रोग्राम छापलेला असतो. तो टाइप करायचा, तयार फंक्शनला हाक मारायची, ग्राफ हजर. मी सबमिशनच्या दिवशी जर्नलांचे गठ्ठे लावतो. एका बॅचच्या वीस जर्नलांत वीस ग्राफ हुबेहूब एकसारखे. नॉइज खरंच रँडम असेल तर वीस जणांच्या ग्राफच्या शेपट्या तरी वेगवेगळ्या हलायला हव्यात ना? त्या एकसारख्या आहेत म्हणजे प्रोग्राम चालला एकदाच आणि झेरॉक्सवाल्याची दिवाळी झाली.

त्या शेपटीवरून आणखी एक सांगतो. दुसरा एक मुलगा, गडहिंग्लजकडचा. त्याचा प्रोग्राम बरोबर होता. ६ डीबीला दहा हजार बिटांत २४-२५ चुका, छान. ८ डीबीला एक-दोन. १० डीबीला शून्य. तो माझ्याकडे आला, "सर, एरर गेली! सिस्टीम परफेक्ट झाली." मी विचारलं, किती बिट पाठवलेस? दहा हजार. १० डीबीला चूक होते दहा लाखांत चारेक. दहा हजारांत ती दिसेलच कशी? रंकाळ्यातून तांब्याभर पाणी काढलं, त्यात मासा नाही, म्हणून तळ्यात मासे नाहीत म्हणण्यातला प्रकार. निदान शंभरेक चुका मोजल्याशिवाय त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, हा या धंद्यातला साधा हिशेब. लाखात एक चूक शोधायची तर एक कोटी बिट पाठवायला हवेत.

मग तो एक कोटीच्या मागे लागला. एकेक बिट फॉर लूपमध्ये घालून. चहा पिऊन आला तरी चालूच, डबा खाऊन आला तरी चालूच. संगणकाला नावं ठेवून झाली, कॉलेजला ठेवून झाली. शेवटी कुणीतरी त्याला सांगितलं की सगळे बिट एका व्हेक्टरमध्ये घेऊन एकदम बेरीज कर. काही सेकंदांत उत्तर. एका दुपारी हा मुलगा संख्याशास्त्र शिकला, प्रोग्रामिंग शिकला, आणि शून्य हा आकडा किती फसवा असतो तेही. जर्नलात यातलं काय आलं? 'रिझल्ट: बीईआर कर्व्ह इज प्लॉटेड.'

माझा धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्नशॉपला आहे. बारावी नापास. त्यांच्याकडे आता नवीन जॉब आला की आधी संगणकावर सिम्युलेशन होतं. धातू कुठून शिरेल, कुठे आधी गोठेल, रायझर (जादा धातूचा साठा) कुठे ठेवला तर श्रिंकेज (आकसल्याने पडणारं भोक) कुठे पडेल, सगळं पडद्यावर लाल-निळं दिसतं. मी एकदा त्याला विचारलं, मग झालं की काम? तो हसला. म्हणाला, "दादा, काम तिथनं सुरू होतंय. पहिलं कास्टिंग आम्ही कापतोय. पडद्यावर जिथं भोक दाखवलंय तिथंच पडलंय का बघतोय. नसंल पडलं तर का नाही, ते शोधाय लागतंय." म्हणजे त्याच्याकडे तीन पायऱ्या आहेत. अंदाज, पडद्यावरचं चित्र, कापलेलं कास्टिंग. आणि त्याचा पगार आहे तो या तिन्हींत फरक का पडला हे सांगण्याबद्दल. आपल्या बी.टेक.च्या पोरांकडे मधली एकच पायरी आहे, तीही उसनी.

अंदाज लिहायला लावा. प्रोग्राम चालवायच्या आधी, पेनने, खाडाखोड न करता. 'मला वाटतं नॉइज चौपट केला तर ग्राफ सहा डीबी सरकेल.' मग चालवा. जुळलं तर का जुळलं, नाही जुळलं तर का नाही. याला काही खर्च नाही. फक्त तपासणाऱ्याला वाचावं लागेल, आणि इथेच घोडं अडतं हे मलाही ठाऊक आहे. वीस सारखी जर्नलं तपासायला वीस मिनिटं लागतात, वीस वेगळी तपासायला दुपार जाते. एका शिक्षकावर तीन बॅचेस टाकून ही अपेक्षा करू नका. प्रयोग बारावरून सहावर आणा. माझी त्याला काही हरकत नाही, किटांचीही नसेल.

प्रयोग कोणते, यावर तुम्ही तज्ज्ञ मंडळी वाद घालालच. मी एकच सुचवतो, कारण तो मी स्वतः पोरांबरोबर करून बघितलाय आणि तो कोल्हापूरचा आहे.

पावसाळ्यात आपण सगळे एक आकडा बघत असतो. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितलंय त्यांना हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. आता समजा बंधाऱ्यावरचं यंत्र ही पातळी सहा बिटांत पाठवतंय. ४३ म्हणजे १०१०११. नॉइजने डावीकडून तिसरा बिट उलटला. पलीकडे पोचलं १०००११, म्हणजे ३५. नदी धोक्याच्या पातळीवर आणि पडद्यावर इशाऱ्याच्याही खाली. वर्गात हे फळ्यावर लिहिलं तेव्हा शिरोळ तालुक्यातलं एक पोरगं नुसतं फळ्याकडे बघत राहिलं. त्यांच्या घरात दोन्ही वर्षी पाणी होतं.

मग पोरं म्हणाली, पॅरिटी बिट लावू, म्हणजे एकांची संख्या सम ठेवणारा एक जादा बिट. लावला. १०१०११ मध्ये एक चारदा येतो, सम. एक बिट उलटला की विषम होतो आणि चूक पकडली जाते. सगळे खूश. मग मी सांगितलं, शेजारशेजारचे दोन बिट उलटवा, तिसरा आणि चौथा. आलं १००१११. एक अजूनही चारदाच, पॅरिटी म्हणते सगळं ठीक. आकडा किती? ३९. धोक्याच्या पातळीची नुसती इशारा पातळी झाली आणि यंत्रणेला पत्ताच नाही. (हे आकडे मी जुळवलेले नाहीत, जलसंपदाच्या पातळ्याच अशा निघाल्या. मला कळलं तेव्हा मीही दोनदा तपासलं.)

इथून पुढे पोरं थांबली नाहीत. १९५० साली हॅमिंगने जो कोड छापला तो त्यांनी हाताने बांधला, सहा बिटांना चार तपासणीचे बिट जोडून. एक चूक झाली तर तो ती शोधतो आणि दुरुस्तही करतो. दोन झाल्या तर आत्मविश्वासाने भलतंच दुरुस्त करून ठेवू शकतो, हेही त्यांना दिसलं. वीज कडाडली की चुका सुट्या येत नाहीत, झुंडीने येतात. मग एकीने डोकं चालवलं. दहा मोजण्या एकाखाली एक लिहू आणि ओळींऐवजी उभ्या रकान्यांनी पाठवू, म्हणजे झुंड आली तरी प्रत्येक मोजणीच्या वाट्याला एखादीच चूक येईल. याला इंटरलीव्हिंग म्हणतात हे तिला माहीत नव्हतं. पुस्तकात ते अठराव्या प्रकरणात होतं आणि सत्र पंधराव्याला संपलं होतं.

नवीन अभ्यासक्रमात तुम्ही फाइव्हजी घालाल. घाला. त्यात चुका दुरुस्त करायला डेटासाठी एलडीपीसी आणि कंट्रोलसाठी पोलर असे कोड आहेत, ते वाचायला मलाही आवडतं. पण पंचगंगेचे सहा बिट ज्याने हाताने वाचवले नाहीत त्याला पोलर कोड शिकवणं म्हणजे पायाखालची फरशी न घालता वरचा मजला चढवणं.

कापलेलं कास्टिंग आपल्याकडे कुठून आणायचं, हा प्रश्न उरतो. सिम्युलेशनमधलं जग फार सभ्य असतं. तिथे पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं घड्याळ एकच असतं. कॉन्स्टलेशनचे, म्हणजे आलेले बिट दाखवणाऱ्या नकाशातले, ठिपके नॉइजने पसरतात, पण जागेवर बसून पसरतात. प्रत्यक्षात ते गरगर फिरतात, कारण घड्याळाचे ठोके देणारे दोन क्रिस्टल कधीच सारखे नसतात. हे दाखवायला हल्ली लाखोंचं उपकरण लागत नाही. टीव्ही बघण्यासाठी बनवलेला यूएसबी डोंगल असतो, आत आरटीएल २८३२यू नावाची चिप. तो साध्या सॉफ्टवेअरने सगळीकडचे सिग्नल नमुन्यांच्या रूपात संगणकात ओततो, हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधलं. काही हजारांत मिळतो. फक्त ऐकतो, पाठवत नाही, त्यामुळे परवान्याशिवाय प्रक्षेपण करण्याची भानगडही नाही.

माझ्या खिशातून घेतलेला एक डोंगल मी टेरेसवर नेला. आधी आकाशवाणी लावली. आवाज आला, पण स्टेशन पडद्यावर आपल्या जागेपासून चार-पाच किलोहर्ट्झ बाजूला दिसत होतं. पोरं म्हणाली, आकाशवाणी चुकली. मी म्हटलं, आकाशवाणी चुकत नाही, आपला क्रिस्टल स्वस्त आहे. १०० मेगाहर्ट्झला ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५०, चूक म्हणजे किती? हिशेब केला, पाच किलोहर्ट्झ. 'फ्रिक्वेन्सी ऑफसेट' हा शब्द त्यानंतर मला कुणाला समजावावा लागला नाही.

मग १०९० मेगाहर्ट्झ. त्यावर विमानं आपली जागा सांगत जातात. सात सेंटिमीटरची तांब्याची तार, म्हणजे पाव लहर, डोंगलला अडकवली. एका निरोपाचे ११२ बिट, एका मायक्रोसेकंदाला एक बिट, आणि त्यातले शेवटचे २४ केवळ चूक पकडण्यासाठी. उजळाईवाडीला उतरणारं विमान जवळ येतं तसे धडाधड निरोप बरोबर निघतात. लांब गेलं की तपासणी नापास होणारे वाढत जातात. पाठ्यपुस्तकातला धबधबा ग्राफ त्या दिवशी आकाशात उडत होता. विभागाचे एक ज्येष्ठ सर सहज वर आले होते, ते तासभर उभे राहिले. खाली जाताना म्हणाले, हे आम्हाला कुणी का नाही दाखवलं रे? त्यांचा आवाज ऐकून मला त्यांना काही उत्तर देववेना.

तो डोंगल आजही माझ्या खिशातलाच आहे, लॅबचा नाही. लॅबात आणायला गेलो तर यादीत नाही. यादीत का नाही, तर अभ्यासक्रमाच्या उपकरण-यादीत नाही. आणि सॉफ्टवेअरची गंमत त्याहून वरची. ऑक्टेव्ह, सायलॅब, जीएनयू रेडिओ, पायथॉन, सगळं फुकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सायलॅबचे धडे चक्क मराठीतून आहेत. आमच्या जुन्या संगणकांवरही ते चालतं. पण तपासणीला समिती आली आणि विचारलं, सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं बिल दाखवा. बिल नाही. बिल नाही म्हणून रजिस्टरला नोंद नाही, नोंद नाही म्हणून सॉफ्टवेअर 'उपलब्ध नाही'. बाजूच्या टेबलावर तेच सॉफ्टवेअर चालू होतं, पोरगी ग्राफ काढत होती. त्याच वेळी रजिस्टरला नऊ किटं 'चालू स्थितीत' आहेत. त्यातली सहा मी सुट्या भागांसाठी कधीच खोलली आहेत, निर्लेखन मंजूर होत नाही म्हणून ती कागदावर जिवंत आहेत.

म्हणून अभ्यासक्रम लिहिताना उपकरणांच्या यादीत 'मुक्त सॉफ्टवेअर, बिलाची आवश्यकता नाही' एवढी एक ओळ घाला. तिच्याखाली दोन बॅचला मिळून पाच डोंगल आणि दोन मीटर तांब्याची तार. ही ओळ तुम्ही छापलीत तर आमचे प्राचार्य उद्या सही करतील. नाही छापली तर वाईट माणूस कुणीच नसतानाही काही होणार नाही.

आणि ओरल. एक्सटर्नल येतात, घाईत असतात, त्यांनाही बस पकडायची असते. 'बीपीएसके म्हणजे काय' विचारतात, पोरं लाँगफॉर्म सांगतात. त्याऐवजी मुलाचाच प्रोग्राम उघडायला सांगा, त्यातला एक आकडा बदला आणि चालवण्याआधी विचारा, आता काय होईल? दोन मिनिटांचं काम आहे. कुणी स्वतः केलंय आणि कुणी पेनड्राइव्हवरून आणलंय हे मला तर चेहऱ्यावरूनच कळतं, तुम्हालाही कळेल. उत्तर चुकलं तरी चालेल. पण चुकल्यावर पोराचा हात कीबोर्डकडे जातो की खिशाकडे, ते बघा.

एक शंका मला आधीच ऐकू येते. चुकलेल्या ग्राफला मार्क दिले तर पोरं मुद्दाम चुका करतील. करू देत. पटेल अशी चूक मुद्दाम करायची तर बरोबर काय आहे ते आधी नीट समजावं लागतं. कुणी एवढी मेहनत घेऊन मला फसवलं तर मी त्याला वडा-कॉफी पाजीन.

शनिवारी दोननंतर आमच्या लॅबात कुणी नसतं. मंडळापैकी कुणीही या, आधी कळवायची गरज नाही. पंचगंगेचा प्रोग्राम दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या संगणकावर आहे. नॉइज वाढवायचा खटका डावीकडे. आणि त्या मुलीचा १२.६ डीबीचा ग्राफ मी कचऱ्याच्या डब्यातून काढून ठेवलाय, कपाटात वरच्या खणात, फ्यूजच्या डब्याखाली. तिला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक लॅब असिस्टंट,
कोल्हापूर